तुम्ही विचारलंत म्हणून: बायॉप्सी म्हणजे कॅन्सरच का?

इंदूरच्या मराठी घरांत हळदीकुंकवाला गेले, तरी कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, ह्यांना बायॉप्सी सांगितलीय. म्हणजे तेच ना?" 'त्या'चं नाव कुणी घेत नाही. पॅथॉलॉजीत नोकरी झालेली बाई समोर दिसली की हे व्हायचंच.

नाही हो, तेच असं नाही. काय आहे ते कळावं म्हणूनच तर बायॉप्सीत त्या जागेचा छोटासा तुकडा काढतात. रोग पेशीत शोधायचा, हे बर्लिनच्या रुडॉल्फ विर्खो यांनी १८५८ साली ठासून मांडलं. आमचं सगळं दुकान त्यावरच चाललंय. मानेतली गाठ हाताला नुसती गाठच लागते. मायक्रोस्कोपखाली क्षयाच्या गाठीत पेशींचे घोळके दिसतात, बरेचदा मधला भाग मेलेला असतो. आपल्याकडे अशा गाठींत क्षय पुष्कळदा निघतो, आणि तो औषधांनी बरा होतो.

सुपारी-तंबाखूवाल्यांच्या तोंडातला पांढरा चट्टा घ्या. तोंडाच्या आतल्या अस्तराखाली एक अगदी पातळ पडदा असतो. पेशी बिघडल्यात पण पडद्याच्या वरच आहेत, तर तो डिस्प्लेसिया. तिथे लक्ष ठेवता येतं, चट्टा काढता येतो. त्यांनी पडदा ओलांडला की मग कॅन्सर. आरशात बघून हे कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरलासुद्धा.

पुढचा प्रश्न ठरलेला: "रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग ह्याला इतके दिवस? लपवताहेत का काही?" अहो, ताजा तुकडा ओल्या पावासारखा असतो, पातळ कापायला गेलं की चुरगळतो. म्हणून आधी तो फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रवात मुरवायचा, अल्कोहोलनं पाणी काढायचं, झायलीन नावाच्या द्रवातून नेऊन मेणात बसवायचा. मग मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉनचा काप घ्यायचा, केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ. तो काचेच्या स्लाइडवर घेऊन रंगवला की पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी दिसतं. शंका उरली तर आणखी वेगळे रंग. उशीर बहुतेक वेळा एवढ्याचाच असतो.

तुकडा तुमच्याच हाती देऊन लॅबला पाठवलं, तर डबीत फॉर्मेलिन आहे ना, ते विचारून घ्या. घरच्या पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये ठेवू नका. आणि पुढे मुंबईला टाटामध्ये दाखवायचं ठरलं, तर नुसता कागद नेऊन भागत नाही. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही लॅबमधून मागून घ्या.