चोवीस अंशांचे पेढे

"मॅडम, चोवीस अंश!" मी चपला काढायच्या आत माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने ग्राफ पुढे धरला. देवासचा मुलगा, रात्रभर जागलेला. रामबागेतून बांधून आणलेले पोहे-जिलबी तसेच टेबलावर राहिले.

व्हॅनेडियम डायऑक्साइड हे मोठं लहरी ऑक्साइड. साधारण 68 अंश सेल्सिअसच्या खाली ते वीज अडवतं, वर गेलं की धातूसारखं वागतं. 1959 मध्ये मॉरिन या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. थंड असताना व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसतात. तापल्यावर जोड्या सुटतात आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. मेंदूतल्या पेशींसारखे स्विच यातून करायची धडपड जगभर चालू आहे. पण त्याचा पातळ थर, म्हणजे फिल्म, बसवताना ऑक्सिजन जरा इकडेतिकडे झाला, की भलतंच ऑक्साइड हाती येतं. आमचे आठ महिने त्यातच गेले होते.

तापवताना हा बदल जितक्या अंशांवर होतो, थंड करताना त्याच्या थोडा खाली होतो. अंतर एरवी मोजक्या अंशांचं. इथे तापवताना उडी 79 वर, थंड करताना 55 वर! ग्राफवर या दोन उड्यांमध्ये जो लूप दिसतो, तो इतका रुंद टिकला, तर कॉम्प्युटरच्या मेमरीसाठी सोनंच. म्हणूनच मला तो खरा वाटेना.

"किती वेगाने तापवलंस?"

"मिनिटाला पाच अंश."

"आता अर्ध्या अंशाने कर."

दुपार गेली. लूप निम्म्यावर आला. पदार्थाचा गुण असता तर वेग बदलून तो इतका आकसला नसता. चेंबर उघडलं. फिल्म हीटरला चिकटवणारी सिल्व्हर पेस्ट एका बाजूने पापुद्र्यासारखी सुटली होती. निर्वातात उष्णता जायची ती मुख्यतः त्या पेस्टमधूनच. सेन्सर मात्र हीटरच्या ठोकळ्यावर. तवा तापलेला आणि भाकरी कच्ची, तसं. आम्ही रात्रभर तव्याचंच तापमान लिहीत होतो. ती पेस्ट मीच लावली होती, हेही सांगून टाकते.

नवी पेस्ट लावली. रात्री नऊला उड्या आल्या 70 आणि 63 वर, आणि विजेला होणारा रोध अडीच लाख ओहमवरून थेट शंभराच्या आत. इतकी स्वच्छ फिल्म आमच्याकडे पहिल्यांदाच झाली होती. मी खूश, तो गप्प.

"काय झालं रे?"

"सकाळी बाबांना फोन केला होता, मॅडम. नवा शोध म्हणून. त्यांनी गल्लीत पेढे वाटले."

"मग सांग त्यांना, फिल्म उत्तम निघाली."

"ते फिल्म म्हणजे सिनेमा समजतील, मॅडम."