आरे-वारेचा चढ, कोकणातला पाऊस आणि पाच फुटांची मी

माझी उंची 152 सेंटिमीटर. सायकलच्या दुकानात हा आकडा सांगितला की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग लहान मुलांच्या रांगेकडे. पाच वर्षांपूर्वी मी त्यातूनही मोठ्यांची ‘सर्वांत छोटी’ सायकल घेतली. फ्रेम छोटी होती, चाकं मात्र मोठ्या सायकलींचीच, 700 मापाची. गेल्या जुलैत रत्नागिरीच्या भाट्ये पुलाच्या अलीकडे अगदी हळू वळत होते, तर चपलेचा चवडा पुढच्या मडगार्डला अडकला आणि मी डब्यासकट आडवी. गुडघा फुटला. डब्यातली मोदकाची आमटी गेली, त्याचं जास्त वाईट वाटलं.

घरी आल्यावर टेप घेऊन मोजत बसले. फ्रेम आखूड आणि चाक मोठं असलं की पुढचं टायर पायडलच्या इतकं जवळ येतं की हँडल जरा जास्त वळलं की चवडा लागणारच. 700 च्या चाकाची रिम 622 मिलिमीटरची, जुन्या 26 इंचीची 559. म्हणजे त्रिज्येतच तीन सेंटिमीटर वाचतात. त्या रात्री ठरलं की आता सायकल आपल्या मापाने जुळवून घ्यायची. रोज भाट्ये ते मारुती मंदिर ऑफिसला जायला, आणि डिसेंबरात चार दिवस फिरायला: आरे-वारेवरून गणपतीपुळे, जयगडला फेरीबोटीत चढायचं, तवसाळला उतरायचं, गुहागरला मुक्काम, पुढे धोपावे-दाभोळ फेरी आणि दापोली.

पुण्यातल्या एका ओळखीच्यांच्या गच्चीवर नव्वदच्या दशकातली क्रोमोली स्टीलची, सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइकची फ्रेम पडून होती. 3,500 रुपयांत मिळाली. मधला दांडा उतरता, त्यामुळे पंजाबी ड्रेसवर चढता-उतरता येतं. चाकं अर्थातच 26 इंची. भाचा म्हणतो, “मावशी, हे माप आता कोणी वापरत नाही.” अरे, गुहागरच्या दुकानात मला टायर कुठलं मिळणार आहे? ट्यूबही मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हची घेणार, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येईल.

खरा प्रश्न पावसाचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याबरोबर जांभ्याचा लाल चिखल. रिमवर घासणारे ब्रेक असले की तो चिखल पॅडमध्ये बसतो आणि रिमला सँडपेपरसारखा खातो. माझ्या आधीच्या सायकलची मागची रिम बोटाने चाचपली तर खळगा लागतो. म्हणून डिस्क ब्रेक हवा. पण या फ्रेमला मागे डिस्क बसवायची सोयच नाही, आणि वेल्डिंग करून घ्यायची माझी हिंमत नाही. त्यावर तोड अशी की नवा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, डिस्कवाला घ्यायचा, मागे रिमवर घासणारा व्ही-ब्रेकच राहू द्यायचा. उतारावर ब्रेक दाबला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, खरं थांबवतो तो पुढचाच ब्रेक. डिस्क तारेवरचा, तेलावरचा नको. तार तुटली तर कुठल्याही गावात बदलून मिळेल. घोडं अडलंय ते चिमट्याच्या उंचीपाशी. हल्लीचे बहुतेक चिमटे सस्पेन्शनच्या मापाने उंच असतात. माझ्या फ्रेमला 40 सेंटिमीटरच्या आसपासचा हवा, नाहीतर पुढून सायकल माकडासारखी उभी राहील.

गिअरचा हिशेब मी चढावरून उलटा मांडला. आरे-वारेचा चढ फार लांब नाही, पण पाठीमागे आठ किलो सामान असताना उतरून ढकलायची नाही, हा माझा हट्ट. पुढे एकच 32 दात्यांची चकती, मागे आठ गिअर, 11 ते 34. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम 1.9 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेरे मारले तरी वेग ताशी सातच्या आत. चालण्यापेक्षा बरा! सगळ्यात जड गिअरमध्ये 80 फेऱ्यांना ताशी 28. त्याहून जोरात जायची मला कुठे घाई आहे? क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, 170 ऐवजी 165 मिलिमीटरचे मागवलेत, आखूड पायांना तेवढाच दिलासा.

आमच्या नाक्यावरचे अण्णा चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात पटाईत. गिअरवर त्यांचा विश्वास नाही. “वैनी, जास्त गिअर म्हणजे जास्त बिघाड,” असं दर वेळी ऐकवतात. पण शिकवलं त्यांनीच. पायडलचा आस ज्यात फिरतो त्या मधल्या कपाला उजव्या बाजूला उलटे आटे असतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी पाना लावून जोर करत होते, तो चुकीच्या दिशेने. सीटची दांडी ॲल्युमिनियमची आणि फ्रेम स्टीलची असली की खाऱ्या हवेत दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून ग्रीस लावून दर गणपतीला एकदा दांडी बाहेर काढायची, हेही त्यांचंच. मधल्या कपाच्या खाली पाणी निघायला त्यांनी भोकही पाडून दिलं. चाकांचे आरे स्टेनलेसचेच घ्यायचे, यावर मात्र आमचं पहिल्याच दिवशी एकमत झालं.

ब्रूक्सच्या चामड्याच्या सीटचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडे श्रावणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. राहू दे.

दिव्याचं अजून ठरत नाही. पुलापलीकडे रात्री अंधार. टायरला टेकणारा जुना डायनामो पावसात घसरतो, लागायला हवा तेव्हाच विझतो. हबमधला, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारा डायनामो मिळतो, सहा व्होल्ट, तीन वॅटचा, पण सगळ्या सायकलीला ठरवलेल्या 25,000 मधले बरेच त्यातच जातील. चार्जिंगचा दिवा स्वस्त, फक्त चार्ज करायला मी विसरते. अहोंनी वहीत डायनामोपुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

मिरजोळे एमआयडीसीत पावडर कोटिंगला द्यायची म्हणून गेल्या रविवारी फ्रेमचा जुना रंग घासून काढला, नळ्यांत आतून तेल सोडलं आणि ती पडवीत उलटी टांगली. काल ऑफिसातून आले तर सासूबाईंनी त्या उघड्या स्टीलवर ओला पंचा वाळत घातलेला. दांड्यावर पंचाच्या रुंदीचा तांबूस पट्टा उमटलाय. आता परत सँडपेपर आणायला हवा.