आधी आई दाखवा

भर दुपारी आमच्या कुत्रीचे, बुंदीचे कान पुसत बसले होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि तिच्याकडे बघून विरघळल्या. "किती गं गरीब डोळे हिचे!" डोळे गरीबच आहेत. कॉकर स्पॅनियलच्या तोंडाकडे पाहिलं तर आत्ताच कुणीतरी घालूनपाडून बोललंय असं वाटतं. शेपटीकडे पाहिलं तर दारात वरात आलेली असते. लोक तोंडाकडे बघून पिल्लू घरी आणतात आणि पुढची सगळी वर्षं शेपटीबरोबर काढतात.

माझं याबाबतीत एक खूळ आहे. कुणी पिल्लू बघायला बरोबर नेलं, तर मी पिल्लाकडे बघतच नाही. आधी आई दाखवा म्हणते. आई येऊन पाय हुंगून, शेपूट हलवून गेली, तर पुढचं बोलणं. "ती गावाला ठेवलीय", "आत्ता झोपलीय" असलं काही ऐकलं की मी चपला घालते. आठ आठवडेसुद्धा न झालेलं पिल्लू कुणी हातात ठेवलं, तरी चपलाच. आणि "एकदम शांत जात आहे, मॅडम" म्हणणाऱ्याशी तर मी वादही घालत नाही.

शांत कशाने असेल? इंग्लंडात यांच्या पूर्वजांचं काम काय, तर ओलसर रानात काटेरी झुडपांत घुसायचं, दबून बसलेला वुडकॉक पक्षी उडवायचा आणि बार झाला की पडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा. 1901 पर्यंत तर एकाच वेतातल्या पिल्लांची वजनावर वाटणी व्हायची. 25 पौंडांच्या आत राहिलं तर कॉकर, वर गेलं तर स्प्रिंगर. सख्खी भावंडं, पण जात निराळी! असल्या घराण्यातलं लेकरू आपण तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत आणतो, आणि ते बाल्कनीतल्या कबुतरांवर झेपावलं की "फार हायपर आहे हो" म्हणून डॉक्टरांकडे तक्रार करतो.

लहानपणी साताऱ्याला आमच्या पेठेच्या टोकाला एक निवृत्त मेजरसाहेब राहायचे. त्यांची काळी स्पॅनियल एकदा शेजारची कोंबडी तोंडात धरून फाटकातून आत आली. आम्ही पोरं भिंतीवर श्वास रोखून. आता रक्त बघायला मिळणार! तिने कोंबडी साहेबांच्या बुटांपाशी अलगद ठेवली. कोंबडी उठली, अंग झाडलं, काहीतरी अद्वातद्वा बोलली आणि तरातरा आपल्या घरी चालत गेली. एक पीस इकडचं तिकडे झालं नव्हतं. साहेबांनी कुत्रीला शाबासकी दिली की रट्टा, ते आठवत नाही. कोंबडीचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

कानांचं म्हणाल तर तो एक स्वतंत्र संसार. पावसाळ्यात त्या लोंबत्या कानांत वारा शिरत नाही, की लगेच आंबूस वास. मग डॉक्टरांनी दिलेलं औषध, कापूस, आणि डोकं झटकल्यावर भिंतीवर उडालेले शिंतोडे. जेवताना कान ताटलीत पडू नयेत म्हणून जुन्या मोज्याचं पाऊल कापून उरलेली नळी तिच्या डोक्यावरून चढवते. त्यात ती अगदी डोक्याला पदर गुंडाळलेल्या आजीबाई दिसते. पाऊस संपला की टेकडीवरची कुसळं. ती एकदा कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरली की पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. म्हणून फिरून आलं की दारातच फणी. घरातली फणी सापडेनाशी झाली तर आता कुणी कुणाला विचारत नाही. गणपतीत पंचखाद्याचा डबा फ्रिजच्या वर जातो, कारण बेदाण्यांनी कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. आरतीला आलेली पाहुणे मंडळी मात्र प्रेमाने तिच्यापुढे मूठ उघडतातच, आणि आरती अर्धवट टाकून मी धावते.

दमवण्याची युक्ती सापडली ती सासऱ्यांना. बाबा पाटबंधारे खात्यातले, कशाचंही मोजमाप ठेवणारे. नुसतं पळवून ही दमत नाही, उलट तयार होत जाते, हे त्यांनी पहिल्या महिन्यातच ताडलं. "हिचं नाक दमवायला पाहिजे," म्हणाले. तेव्हापासून रोज चहानंतर ते गाजराचे सात तुकडे लपवतात. दिवाणाखाली, पंचांगामागे, चपलांच्या स्टँडमध्ये, तुळशीच्या कुंडीआड. बुंदीला तोवर आतल्या खोलीत कोंडायचं. दार उघडलं की नाक जमिनीला, फुसफुस आवाज, दोन्ही कानांनी फरशी झाडली जाते, आणि पंधरा मिनिटांत बाईसाहेब आडव्या. बाबा वहीत नोंद करतात.

हल्ली वहीत सातापैकी सहाच लिहिलेले असतात. "नाक गेलं हिचं," बाबा मला सांगतात. लपवता लपवता एक तुकडा त्यांनी स्वतःच तोंडात टाकलेला मी स्वयंपाकघरातून पाहिलेला असतो. गंमत करतात की खरंच विसरतात, ते मला अजून विचारता आलेलं नाही.