आमची वाटचाल : टेप दुरुस्तीच्या टेबलापासून

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी एका रस्त्यावर 2001 साली आम्ही टेप दुरुस्तीचे टेबल मांडले, तेव्हा जीपमधल्या कॅसेट डेकचे हेड साफ करणे आणि सैल झालेला बेल्ट बदलणे एवढेच आमचे काम होते. पुढे सीडी आली, मग पेन ड्राइव्ह आला, आणि उसाच्या ट्रॅक्टरपासून लग्नाच्या बोलेरोपर्यंत सगळ्यांनाच बास ट्यूब (नळकांड्याच्या आकाराचा बास स्पीकर) हवीशी झाली. दुकान वाढले ते या हौसेवर. कामाला शिस्त लागली ती मात्र आमच्याच एका चुकीमुळे.

रेणापूरकडच्या एका ऊसतोड मुकादमांच्या गाडीत आवाज वाढवला की गाणे गपकन बंद पडे आणि कमी केला की आपोआप सुरू होई. अॅम्पवर, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या अॅम्प्लिफायरवर, लाल दिवा लागत असल्याने आम्ही अॅम्पच खराब ठरवला आणि त्यांना त्याहून मोठा विकला. जुना अॅम्प आवाज विसावर नेल्यावर बंद पडत होता, नवा पंधरावरच पडू लागला. आठवड्याने ते परत आले आणि शांतपणे म्हणाले, "मालक, पैसे गेले अन् दुखणं तसंच राह्यलं की."

त्या दिवशी प्रथमच आम्ही गाणे मोठ्याने चालू ठेवून व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट होते, पण बासच्या प्रत्येक ठोक्याला अॅम्पच्या टर्मिनलवर 10.8 पर्यंत घसरत होते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे अॅम्पच्या अर्थिंगला (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरीला) लावले, तेव्हा घसरलेल्या 3.3 पैकी 2.7 व्होल्ट तिथेच गळत असल्याचे दिसले. आमच्याच कारागिराने अर्थिंगची वायर सीटखालच्या रंगवलेल्या पत्र्यावर, रंग न खरवडता, एका पत्रीस्क्रूने आवळली होती. अशा जोडाचा अडथळा ओहमच्या पाच शतांशाइतका असला, तरी हळू आवाजात चार-पाच अॅम्पिअर वाहताना तो जाणवत नाही. भरात पन्नासच्या पुढे अॅम्पिअर गेले की तोच जोड अडीच व्होल्ट खातो आणि अॅम्प स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. मोठा अॅम्प जास्त करंट ओढत असल्यामुळे तो आधी पडला, हे तेव्हा उमगले. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून नट-बोल्टने आवळले, त्यांचा जुनाच अॅम्प परत बसवला आणि नव्याचे पैसे परत दिले.

तेव्हापासून चालू लोडवर, म्हणजे गाणे मोठ्याने वाजत असताना, मोजल्याशिवाय आम्ही कोणताही माल विकत नाही. अर्थिंगवर अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला की आधी जोड उघडतो. वरून तांब्याची आणि आत अॅल्युमिनियमची असलेली स्वस्त वायर आम्ही मेन लाइनला वापरत नाही. व्होल्टेज ठीक असूनही आवाज तुटत असेल, तर दाराच्या बिजागरीपाशी स्पीकरची वायर सोलली गेली आहे का ते पाहतो. चार ओहमचे दोन वूफर (बासचे स्पीकर) समांतर जोडून दोन ओहमचा, म्हणजे न पेलणारा, भार ब्रिज केलेल्या (दोन चॅनल एकत्र जोडलेल्या) अॅम्पवर टाकलेला असेल, तर ती जोडणी बदलतो. उन्हाळ्यात आणखी एक कारण निघते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत, सीटखाली गोणपाटाने झाकलेला अॅम्प तापून बंद पडतो, आणि तिथे गोणपाट काढण्यापलीकडे काही करावे लागत नाही. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

2016 च्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या वर्षी बास ट्यूब कोण घेणार? तो हंगाम आम्ही जुन्या गाड्यांच्या वायरिंगवर काढला.

आज आम्ही चौघे आहोत. तपासणीला अर्धा तास लागतो, त्यामुळे काही गिऱ्हाइके कंटाळून शेजारी जातात आणि तिथून नवा अॅम्प घेतात. त्यांतली काही पुढच्या महिन्यात आमच्याकडे येतात. मुकादमांनी मात्र यंदा नव्या ट्रॅक्टरचे काम दिले. वायर आवळण्याआधी ते स्वतः वाकून रंग खरवडला की नाही ते पाहत होते.