डावीकडचं रबर

गाडी बंद पडायला कारणं पुष्कळ. प्लगमध्ये कचरा येतो, चेन उतरते, क्लचची वायर तुटते, आणि माणूस गाडी ढकलत मेकॅनिककडे जातो. फूटरेस्टच्या रबराने मात्र आजवर कुणाला अडवलेलं नाही. ते गुळगुळीत होतं, टोकाला फाटतं, आतली लोखंडी दांडी डोकावायला लागते, तरी आपण त्यावर पाय ठेवून ऑफिसला जातोच. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तिची जाहिरात 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' म्हणायची. त्यातलं तिसरं लोकांनी जरा जास्तच मनावर घेतलं असावं.

मला उभ्या गाड्यांची रबरं न्याहाळायचा नाद आहे. मंगल कार्यालयाबाहेर जेवणाच्या पंगतीची वाट बघत उभं राहायचं झालं तर याच्याइतकी दुसरी करमणूक नाही. चालवणाऱ्याच्या पायाखालची दोन रबरंसुद्धा सारखी झिजत नाहीत. टाच-पंजावाला गिअर असेल तर डावा पाय गिअर टाकताना रबरावरच फिरतो, शिवाय सिग्नलला खाली टेकतो आणि येताना रस्त्यावरची खडी घेऊन वर येतो. उजवा पाय ब्रेकच्या शेजारी एखाद्या साहेबासारखा बसून असतो.

पण खरी गंमत मागच्या जोडीत. डावं पार झिजलेलं आणि उजवं कोरं दिसलं, की समजायचं, या गाडीवर मागे साडी बसते. दोन्ही पाय एकाच बाजूला, सगळा भार डावीकडे. आपल्या देशात ही बैठक कायद्यालाही ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवं, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. साडीगार्ड लावायचं ते याचसाठी. दोन्ही बाजूंची रबरं सारखी झिजलेली असली तर मागे कॉलेजातला मित्र नाहीतर पंजाबी ड्रेस. दूधवाल्याच्या गाडीला मागच्या फूटरेस्टचा पत्ताच नसतो, तिथे कॅनचे हूक.

आमच्या गाडीवर मागे आई बसते. पावसाळ्यात तिची ओली चप्पल डाव्या रबरावरून घसरायला लागली, तेव्हा नाना पेठ गाठली. तिथे टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. दुकानदाराने पुढची जोडी काढून दिली. मागचं फक्त डावं मागितलं, तर त्याने असं पाहिलं, जणू मी चपलेचा एकच पाय मागतोय. जोडीच मिळते.

मग गॅरेजात मी आपली पुणेरी युक्ती काढली. मागची दोन्ही रबरं एकाच मापाची, तर कोरं उजवं काढून डावीकडे घालू, पैसे वाचतील. मेकॅनिक काही बोलला नाही. त्याने उजवं रबर ओढून काढलं आणि माझ्यासमोर अंगठ्याने वाकवलं. नक्षीच्या प्रत्येक खाचेत बारीक भेगा उघडल्या. पाय लागला नव्हता, पण ऊन आणि हवेतला ओझोन लागतच होता. नखही रुतेना. रबर कडक झालं की इंजिनाची थरथर गिळायचं त्याचं काम संपतं, मग लांबच्या रस्त्यावर तळव्यांना मुंग्या येतात.

शेवटी मागचीही जोडीच घेतली. नवीन घालणं बघण्यासारखं होतं. जुनं डावं ब्लेडने उभं चिरलं, दांडीवरचा गंज पॉलिश पेपरने काढला, नवीन रबर गरम पाण्यात टाकलं. मी ऑइलचा डबा पुढे केला, तर म्हणाला, "नको साहेब. ऑइलने जाईल सटकन, पण मग जागेवर फिरत राहील. आणि फुगतं पण." त्याने साबणाचं पाणी घेतलं आणि कासार घट्ट बांगडी भरतो तसं ते पिळत पिळत आत सरकवलं. पाणी वाळलं की रबर दांडी धरून बसतं. शेवटच्या अर्ध्या इंचाला हाताच्या तळव्याचा एक फटका, आणि आत कोंडलेली हवा फुस्स करून बाहेर.

पुढच्या रबरांनी पाय थोडा वर आला. तेवढ्याने गिअरचा दांडा परका वाटायला लागला. तो एक दाता वर घेऊन दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी आईला देवळात न्यायचं होतं. पदर खोचून ती गाडीभोवती फिरली, दोन्हीकडची नवी काळी रबरं बघितली आणि म्हणाली, "हे उजवीकडचं कुणासाठी रे?"

म्हटलं, "जोडीच देतात."

"हं," म्हणाली, आणि डावीकडे बसली.