मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावू नका

मागच्या उन्हाळ्यात आमचं केज तालुक्यातलं जुनं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत असलेलं घर, उतरवलं. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हापासून आमच्या आईला माळवदाखाली नीट झोप लागत नव्हती, तिनंच धरलं होतं की पाडा आता. वरची माती काढली तर खालून सागवानी फळ्या अन् तुळया अशा निघाल्या की बघतच राहावं, म्हणलं नव्या घराची दारं याचीच करू.

माझा चुलतभाऊ फळी कापायला बसला, मार्बल कटर घेऊन. आमच्याकडं घरोघरी हाच असतो, फरशीवाल्याचा चार इंची, त्याला दातेरी ब्लेड लावलं की झाला वूड कटर असं सगळे समजतात अन् मीपण तेच समजत होतो. दोन विटांवर फळीची दोन टोकं, मधोमध खूण, डाव्या हातानं फळी दाबून धरलेली. काप निम्म्याच्या पुढं गेला, फळी मधून खचली, कापाची फट मिटली, ब्लेड चिमटलं अन् कटर उसळून मागं आला. डाव्या हाताची दोन बोटं कापली. टाके पडले, जखम भरली, पण एक बोट अजून पूर्ण वाकत नाही. सकाळी म्हशीचं दूध काढताना त्याचा हात बघितला की मला आजही कसंतरी होतं, कारण त्या विटा मी मांडल्या होत्या.

फरक काय ते मला नंतर कळलं. मार्बल कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारतो, तो फरशीसाठी बनलाय, त्याला खालून ब्लेड झाकणारं स्प्रिंगचं गार्ड नसतं. लाकडासाठीची सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल ब्लेडची विजेवरची करवत, त्याच्या निम्म्याहून कमी, ५ हजारांच्या आसपास फिरते, दोन हातांनी धरायला दोन मुठी असतात, अन् काप संपला की खालचं गार्ड आपोआप ब्लेडवर येतं. प्रत्येक ब्लेडवर जास्तीत जास्त किती आरपीएम (मिनिटाचे फेरे) चालतो ते छापलेलं असतं, तो आकडा मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असला तर दाते उडू शकतात, दुकानदार काहीही म्हणू द्या, घेऊ नका.

पण नुसती चांगली मशीन घेऊन भागत नाही. आमच्या गावातले सुतारमामा म्हणाले, "लेकरा, लाकूड चिमटलं की कोणतीबी करवत अडतीच, हातकरवत नुसती थांबती, ही अंगावर येती." ब्लेडचे पुढचे दाते खालून वर कापत येतात, त्यामुळं मशीन फळीला चिकटून चालते, पण मागची बाजू चिमटली की तीच ताकद मशीनला वर उचलून आपल्याकडं फेकते. म्हणून तुटून पडणारा तुकडा मोकळा खाली लोंबू द्यायचा किंवा फळीखाली अख्खी जुनी फळी अंथरायची, दोन टोकांना टेकू देऊन मधे कापायचं नाही. लांब काप असला तर मशीन बंद करून मागं कापाच्या फटीत पाचर ठोकायची, मग पुढं जायचं. ब्लेड लाकडाच्या खाली तीन-चार मिलीमीटरच निघेल एवढीच खोली ठेवायची. आणि उभं राहायचं ते ब्लेडच्या रेषेत नाही, जरा बाजूला. फळी हातानं किंवा गुडघ्यानं नाही, शिकंज्यानं (क्लॅम्पनं) धरायची.

गार्डला तार बांधून ते उघडंच ठेवणारे मी तीन-चार ठिकाणी बघितलेत, "आडवं येतंय" म्हणून. तारेनं बांधलेलं गार्ड म्हणजे नागडं ब्लेड, मशीन खाली ठेवली तरी ते काही सेकंद फिरतच असतं अन् पायाशी लेकरं खेळत असतात. मला ते बघवत नाही, मी सरळ जाऊन तार सोडायला सांगतो, राग आला तर येऊ द्या.

अजून एक, आपल्याकडं लाईट जाते. काप अर्ध्यात असताना गेली तर पहिलं बटण सोडा अन् पिन काढा. मार्बल कटरचं बटण लॉक होतं, लाईट आली की कटर तिथंच पडल्या पडल्या सुरू होतो. गळ्यातलं उपरणं काढून ठेवा, हातमोजे घालू नका कारण ते ब्लेडमधे ओढले जातात, चष्मा मात्र घालाच. माळवदाच्या लाकडात खिळे असतात, वरून दिसत नाहीत, मी स्पीकरमधलं जुनं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवतो, जिथं ते ओढलं जातं तिथं खडूची खूण.

असं सांगतात की ही हातातली सर्क्युलर सॉ निघाली ती उसाच्या शेतातून. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेलनं ऊसतोड मजूर बघून कोयत्यालाच मोटर जोडायचा प्रयत्न केला, त्यातून पुढं लाकडाची करवत झाली अन् १९२४ ला कंपनी उभी राहिली. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते.

दारं झाली. शेवटच्या दाराची फळी भावानंच कापली, नव्या मशीननं, मी फक्त पाचर ठोकायला होतो. मशीन उचलली की आधी तो पिन काढलेली असतानाच गार्ड अंगठ्यानं मागं ओढून सोडतो, ते टक् करून परत बसलं तरच वायर बोर्डात लावतो.