पोलीस भरती हुकली, पण शाळेच्या गेटवर लागले

माझी उंची १५३. पोलीस भरतीत मुलींना १५५ लागते, त्यामुळं मैदानात पळायच्या आधीच बाहेर. लई रडले तेव्हा. मग गावातल्या एका ताईनं सांगितलं की सिक्युरिटी गार्डला बायकांना १५० चालते, खाजगी सिक्युरिटी एजन्सीच्या २००५ च्या कायद्याखालच्या नियमातच आहे ते.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाईन भरला, पण आधारवर औसा तालुक्यातलं गाव अन् राहायला लातूरात खोली, त्यात फाईल अडकली. दोन्ही पत्ते लिहा बायांनो, नाहीतर चकरा ठरलेल्या.

ट्रेनिंग १०० तास वर्गात अन् ६० तास फील्डवर, कमीत कमी २० दिवस. पहिली एजन्सी म्हणली, यायची गरज नाही, सर्टिफिकेट देऊन टाकतो. मी तिथून उठून आले. शाळेत आग लागली तर कागद दाखवू का? दुसरीकडं नीट शिकवलं, आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची. भूकंपाची ड्रिल तर मी जीव लावून केली. आमच्याकडं १९९३ च्या किल्लारीच्या गोष्टी ऐकतच लेकरं मोठी झालीत. हादरे असेपर्यंत बेंचखाली, थांबले की रांगेनं मैदानात, अन् तिथं हजेरी, ही हजेरीच लोक विसरतात.

२०२४ ला बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्या घटनेनंतर शाळांना कॅमेरे अन् कर्मचाऱ्यांची पडताळणी सक्तीची झाली, आमच्या शाळेला बाई गार्ड पाहिजे होती, तशी मी लागले. कॅमेरे चांगलेच आहेत पण स्क्रीनसमोर कुणी बसलेलं नसलं तर नंतर बघायलाच उपयोगी. खरं काम सुटीच्या अर्ध्या तासात असतं. रिक्षा, व्हॅन, आज्या, सगळे एकदम, अन् कोणतं लेकरू कुणाच्या हातात जातंय ते बघायचं.

पहिल्याच महिन्यात पहिलीतल्या पोरीला न्यायला तिचा मामा आला, पोरगी मामा मामा करत पळाली, पण लेकराला कोण नेऊ शकतं त्याच्या कार्डावर त्याचं नाव नाही. मी नाही सोडलं. आजी दवाखान्यात आहे म्हणून तो लई चिडला, आवाज चढवला, बाकीचे पालक बघायला लागले. माझे पाय थरथरत होते. मॅडमनी आईला फोन लावला, आईचा फोन लागेना, वीस मिनिटं पोरीला माझ्या खुर्चीवर बसवून पाणी दिलं. मामा खराच होता. आई बोलल्यावर रजिस्टरवर सही घेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी आईनं त्याचा फोटो आणून दिला, आता कार्डावर चिकटवलाय.